भट्टीमास्तरांचा उजवा डोळा

छिन्न्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात भट्टीमास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोलाद तापून डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की बाहेर काढून तेलात बुडवायचं. आधी काढलं तर धार बोथट, जास्त तापवलं तर काचेसारखं ठिसूळ. तो नेमका क्षण मास्तर एकतीस वर्षं नुसत्या नजरेने पकडत आले होते. डावा डोळा मिटून, उजवा भट्टीच्या झरोक्याला लावून.

गेल्या महिन्यात मात्र तीन खेपांतल्या छिन्न्या पहिल्या घावालाच तडकल्या. मालकांनी विचारलं, तेव्हा मास्तर ठामपणे म्हणाले, "पोलादच हलकं येतंय." झालं. वीस वर्षं पोलाद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून माल घेणं बंद करायचं ठरलं. उद्या सकाळी दहाला मालक त्याला फोन करणार होते. सरळ माणसाच्या पोटावर पाय येणार याचं मास्तरांना वाईट वाटत होतं. पण पोलाद हलकं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या संध्याकाळी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लेकीने त्यांना गच्चीवर बोलावलं.

"बाबा, उद्या वर्गाला तारे दाखवायचे आहेत. तुमच्यावर तालीम करते."

"म्हणजे मी ढ विद्यार्थी."

"पहिल्या बाकावरचा ढ. ती बघा रोहिणी. राक्षसी तारा म्हणतात अशाला. सूर्याच्या चव्वेचाळीस पट रुंद. गाभ्यातलं इंधन संपलं आणि बाहेरून फुगत गेली."

"आतून रिकामी, बाहेरून फुगलेली. आमचा सुपरवायझर."

"ऐका तरी. फुगली म्हणून तिचा पृष्ठभाग थंडावला, तीन हजार सहाशे अंशांवर आला. त्यामुळे ती नारिंगी दिसते. तरी उजेड सूर्याच्या चारशे पट, कारण आकारच तेवढा."

मास्तर सरसावून बसले. "थंड तो तांबडा, तापलेला तो पांढरा. एवढ्यासाठी तुम्हाला पुस्तकं लागतात?"

"मग ओळखा. मृगातला तो खालचा ठळक तारा तिच्या तिपटीने तापलेला आहे. रंग कोणता?"

मास्तरांनी सवयीने डावा डोळा मिटला. "पिवळट."

"बाबा, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? पिवळट आहे, आणि कडेने पसरलेला."

लेक हसायची थांबली. "आता दुसऱ्या डोळ्याने बघा."

डाव्या डोळ्याला तोच तारा लखलखीत पांढरा दिसला, निळसर झाक असलेला. मास्तरांनी चार-पाच वेळा आलटून पालटून डोळे झाकले.

"मोतीबिंदू असेल," लेक हळूच म्हणाली. "शस्त्रक्रियेने बरा होतो. घाबरू नका."

मास्तर डोळ्याला घाबरले नव्हते. पांढऱ्याला पिवळा म्हणणाऱ्या डोळ्याने आपण महिनाभर भट्टीत बघतोय, रंग अजून चढला नाही म्हणून पोलाद आत ठेवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

सकाळी ते तासभर आधी कारखान्यात गेले. त्याच व्यापाऱ्याच्या पोलादाची छिन्नी भट्टीत सरकवली, डाव्या डोळ्याने रंग पाहिला, तेलात बुडवली, रीतीप्रमाणे पुन्हा हलकी शेकली. मग दगडावर वीस घाव घातले. छिन्नीला तडासुद्धा गेला नाही. आता सबबीला जागा उरली नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी ती छिन्नी मालकांच्या टेबलावर ठेवली. "पोलाद चांगलं आहे. चूक माझ्या डोळ्याची. सगळा माल मीच जाळला."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ते छिन्नी उलटसुलट करत राहिले. "मास्तर, तुम्ही बोलला नसता तर मला कधी कळलं नसतं."

"म्हणून तर बोललो."

"आणि भट्टीवर आता कोण?"

"शस्त्रक्रिया होईपर्यंत डाव्याने बघतो. प्रत्येक खेपेतल्या दोन छिन्न्या तुमच्यासमोर ठोकीन. एक जरी तडकली, तर मला घरी बसवा."

मालकांनी मान डोलावली. फोन लावला आणि मास्तरांच्या हातात दिला. "त्याच्याशी तुम्हीच बोला."

"शेठ, पुढची खेप लवकर पाठवा," मास्तर म्हणाले. "आणि एक. महिनाभर तुमच्या मालाला नावं ठेवत होतो, ते शब्द मागे घेतो."

"मला तर पत्ताच नव्हता," व्यापारी पलीकडून म्हणाला.

"आता लागला ना? मग माफही करून टाका."