साडूंचा अंधार

वीज गेल्यावर ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच, आणि तो नेमका माझा साडू. आमची द्वारका ही वसाहत नवी होती तेव्हाची गोष्ट. इमारती उभ्या होत्या, पाणी टँकरने यायचं, रस्त्यावर दिवे नव्हते आणि घरातले दिवे संध्याकाळी हमखास जायचे. सगळी सोसायटी बाल्कनीत येऊन कुणाकुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना आमचे साडू मात्र खांद्यावर दुर्बीण टाकून गच्चीचा जिना चढत असायचे.

दुर्बीण मूळची त्यांच्या मुलाची. त्याने दोन दिवस चंद्र पाहिला आणि तो क्रिकेटकडे वळला. साडू मानेसरच्या कारखान्यात मोटारीच्या सुट्या भागांची तपासणी करायचे. केसाएवढी खोट काढण्यात हयात गेलेली. चंद्र त्यांना फारच सोपा वाटला. त्यांना हवी होती देवयानी, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दीर्घिका. नव्या दुर्बिणीला ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, साफ नकार दिला. मग घरातल्याच वस्तूंनी सुधारणा सुरू झाली. तिवई थरथरते म्हणून तिच्या पायांखाली कुकरच्या रिंगा गेल्या आणि न शिजलेलं वरण दाताखाली कचकचू लागलं. काचेवर दव पडू नये म्हणून पुढे सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा लागला. नळीच्या आत उजेड उसळतो म्हणून ताईंची संक्रांतीची काळी साडी कापून आतून चिकटवली; उरलेली साडी बघणाऱ्याने डोक्यावरून ओढून घ्यायची.

"वर्षातून एकदाच तर नेसायचे! तीच कशी दिसली यांना?" ताई म्हणाल्या.

"दुसऱ्या कुठल्या साडीत एवढा अंधार नाही गं," साडू म्हणाले.

डोळा अंधाराला सरावावा म्हणून कंपनीच्या बसमधून उतरल्याबरोबर ते एका डोळ्यावर रुमाल बांधत. शेजारच्या आंटी मोतीबिंदूचं ऑपरेशन समजून सफरचंदं घेऊन आल्या. "अरे भाईसाहब, आपने बताया भी नहीं!" साडूंनी सफरचंदं ठेवून घेतली आणि आंटींना गच्चीवर नेलं.

कारण एकट्याने पाहून त्यांचं समाधान होत नसे. आपल्या या ठिगळांच्या दुर्बिणीतून आणखी एका माणसाला तरी ती दिसावी, एवढीच त्यांची आस होती. "सरळ रोखून बघू नका. जरा बाजूला बघा, मग ती येते," असं ते प्रत्येकाला सांगत. आंटी म्हणाल्या, "वाह, ब्यूटीफुल!" ताई "छान आहे" म्हणून भात बघायला पळाल्या. मीही पाच मिनिटं मान मोडून, ठार काही न दिसता, "वा! सुंदर!" म्हणालो. साडू नुसते "अच्छा" म्हणाले आणि पाइप पुसायला लागले.

पुढे सोसायटीने रस्त्यावरच्या दिव्यांसाठी अर्ज केला. साडूंनी भर सभेत "अंधेरा भी एक सुविधा है" म्हणून पाहिलं. लोक पोट धरून हसले. सही मीसुद्धा केली. दिवाळीआधी खांब उभे राहिले. दिवे लागायच्या आदल्या संध्याकाळी नेहमीसारखी वीज गेली आणि साडू माझ्या दारात हजर. "साडूभाऊ, चला. उद्यापासून नाही दिसायची."

मी साडीखाली शिरलो. रोखून बघून कंटाळलो, नजर सहज बाजूला गेली आणि काहीतरी हळूच आत आलं.

"अहो, काच पुसायची राहिलीय का? पुसलेल्या पाटीवर खडू राहतो ना, तसं काहीतरी दिसतंय."

साडू म्हणाले, "दिसली तुम्हाला." ते साडीबाहेरून माझ्या कानाशी वाकले. "आजवर सगळे सुंदर म्हणाले. इथून सुंदर कुठे दिसते हो ती? डागच दिसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वीज आली आणि सगळ्या बाल्कन्यांतून "आ गई! आ गई!" असा एकच गलका उठला. साडूंनी घाईघाईने साडी माझ्या डोक्यावरून आणखी खाली ओढली आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा आवळून धरल्या. "हलू नका," ते म्हणाले, "अजून आहे ती."

साडू निवृत्त होऊन नाशिकला गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. द्वारकेत मेट्रो आली, वीज फारशी जात नाही आणि गच्चीवरून चंद्र तेवढा दिसतो. मला त्यांची फार आठवण येते. कोणी मोठ्या हौसेने काही दाखवायला आणलं, तर मी आता लगेच "सुंदर" म्हणत नाही. आधी थोडा वेळ बाजूला बघतो.