चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये

गाण्यातला शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे, या मताची मी बाई. आमच्या घरी गाणं म्हणजे भीमगीतं. वडील हार्मोनियमवर, काका ढोलकीवर आणि कोरसला आम्ही सगळी पोरंटोरं. ज्याचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचत नसे, त्याला वडील माइकपासून उठवून चहाच्या कामाला लावत. मी एकदाच चहाच्या कामाला लागले आणि त्यानंतर आयुष्यात हळू बोलले नाही. त्यामुळे हल्लीचे गायक ओठातल्या ओठात पुटपुटायला लागले की माझं डोकं फिरतं.

एका गायिकेचा मात्र अपवाद होता. तिच्या पहिल्या अल्बममध्ये ती अशी खणखणीत गायली होती की शेजारच्यांनी भिंत वाजवावी. त्याच अल्बमने मला माझी मैत्रीण मिळवून दिली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, तपासायचा, आत पोकळी सापडली की त्यावर लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि बाजूला काढायचं, हे माझं काम. इतक्या वर्षांत सवय अशी जडली आहे की घरी भाकरी फुगली नाही तरी मी लाल डबा शोधते. तर एक दिवस पट्टा मारता मारता मी त्या अल्बममधली एक ओळ गुणगुणत होते आणि मागून कुणीतरी पुढची ओळ म्हटली. वळून बघते तर डिस्पॅचला नवीन लागलेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी. गडहिंग्लजची, तिकडच्या पोरींसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, म्हणून पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायला लागली.

त्यानंतर आम्ही दोघी कंपनीच्या व्हॅनमध्ये शेजारी बसायला लागलो, डबा एकत्र खायला लागलो आणि तिने काढलेल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही गेले. अकरा माणसं, सगळी त्या गायिकेच्या नादाला लागलेली. ग्रुपचा एक कडक नियम होता. नवीन गाणं आलं की पहिल्या दिवशी मत द्यायचं नाही. गाणं लोणच्यासारखं मुरू द्यायचं. मुरलं की मग लिहायचं, कुठलं गाणं, कुठे आणि काय करताना मुरलं. एका मिसळवाल्याला एक गाणं कांदा चिरताना मुरलं होतं, आणि ते अश्रू गाण्याचे की कांद्याचे यावर ग्रुपने दोन दिवस चर्चा केली होती. एका शिक्षकांना परीक्षेचं सुपरव्हिजन करताना मुरलं. त्या तंद्रीत समोर पोरांनी काय काय कॉपी केली, ते मात्र त्यांनी लिहिलं नाही.

सहा वर्षं वाट बघितल्यावर दुसरा अल्बम आला. मैत्रिणीने तो आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरमामांना त्यांच्या पेनड्राइव्हवर भरून दिला. मामा गडमुडशिंगीचे. आम्ही दोघी उचगावच्या पुलाजवळ चढायचो. त्या दिवशी तिने पेढे आणले होते. सगळ्या व्हॅनला वाटले, मामांना दोन दिले आणि म्हणाली, "मामा, लावा आता."

पहिलं गाणं कुकरच्या शिट्टीने सुरू झालं. चार शिट्ट्या. मग वारा. मग आमची खणखणीत गायिका घशात कफ झाल्यासारखी काहीतरी पुटपुटली. दुसऱ्या गाण्यात दार करकरलं. तिसऱ्यात कुणीतरी चमच्याने कप ढवळत होतं आणि ती मागच्या खोलीतून गात होती. मी पेढा तसाच हातात धरून बसले होते. नियम मला माहीत होता. पण जिभेला हाड नसतं आणि माझ्या जिभेला तर लगामही नाही.

"हिच्या तोंडात मिठाच्या पाण्याची गुळणी हाय काय?" मी म्हटलं.

"अक्का, मुरू दे की जरा."

"आत पोकळ हाय ते, काय मुरतंय? कास्टिंग असतं तर लाल पट्टा मारून परत पाठवलं असतं."

"तुला कळत न्हाई तर गप बस की गं."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "तुझं काय," मी म्हटलं, "ती नुसती खोकली तरी तू टाळ्या वाजवशील. तुला स्वतःचं मत हाय कुठं?"

मामांनी गाणं बंद केलं. कंपनी आली तेव्हा ती माझी वाट न बघता उतरली आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवरून यायला लागली. डबाही दुसऱ्या टेबलावर. तिच्या आईने गडहिंग्लजहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आता पॅकिंगच्या बायका खात होत्या आणि मोठमोठ्याने वाखाणत होत्या, मला ऐकू जाईल अशा.

चूक माझी होती हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी मनाशी ठरवलं, तीच येईल बोलायला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. ती आली नाही. व्हॅनमध्ये माझ्या शेजारी आता स्टोअरमधले एक काका बसायला लागले, जे उचगावपासून शिरोलीपर्यंत फक्त आपल्या गुडघ्याविषयी बोलत.

आणि अल्बम रोज वाजत होता. मी मामांना म्हटलं, बंद करा की ते.

"पोरीनं मायेनं दिलंय," मामा म्हणाले. "बंद कशाला करू? आणि दुसरं लावायचं तर माझ्याकडं काय बी न्हाई."

मग मी ऐकायला लागले. म्हणजे ऐकणं टाळता येत नव्हतं. एका फेरीत सगळा अल्बम होत नसे. सकाळी अर्धा, संध्याकाळी उरलेला, असं चालायचं. आणि एका सकाळी चौथं गाणं संपल्यावर ते आलं.

आधी बासरी. मग घुमणारा, भरदार पुरुषी आवाज. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, उद्या पाणी येणार नाही. तरी सर्वांनी आज पाणी भरून ठेवावे. मागाहून तक्रार चालणार नाही." पुन्हा बासरी. आणि लगेच पाचवं गाणं.

मी ताठ बसले. शब्द न् शब्द स्वच्छ! शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाच काय, तिच्या बहिऱ्या नवऱ्यालाही कळेल असा. मला वाटलं, बाईने कमाल केली. चार गाणी पुटपुटून मध्येच हा आवाज सोडायचा, म्हणजे काय धाडस! कुकर झाला, दार झालं, कप झाला, घरातले सगळे आवाज झाले, आणि आता घराबाहेरून ही हाक. दुसऱ्या दिवशी मी त्या जागेची वाट बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला त्याचा अर्थ लागायला लागला. पाणी म्हणजे नुसतं पाणी थोडंच? उद्या येणार नाही ते आजच भरून ठेवा. मागाहून तक्रार चालणार नाही. पंचगंगेच्या पुलावर व्हॅन आली होती, शेजारी काका डाव्या गुडघ्यावरून उजव्या गुडघ्यावर आले होते, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला माझी मैत्रीण हवी होती.

"गुडघ्याचं दुखणं वाईटच," काका हळहळून म्हणाले. "तुमचं बी दुखतंय व्हय?"

त्यानंतर गाडी रुळावर आली. सूचनेआधीचं म्हणून चौथं गाणं आवडायला लागलं, नंतरचं म्हणून पाचवं. मग सहावं, मग मागे जात तिसरं. चमचा कपात फिरायला लागला की माझी मान डोलायची. पुटपुटण्यातले शब्द कळायला लागले, आणि कळल्यावर बाई मोठ्याने का गात नाही तेही कळलं. घरात कुणीतरी झोपलेलं असताना गावं, तसं ती गात होती. चौथ्या आठवड्यात मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर तसंच पुटपुटत होते, तर सुपरवायझर येऊन मशीनला कान लावून गेले. बेअरिंग वाजतंय म्हणाले.

माफी मागायची तर तोंडाने मागायची माझी छाती नव्हती. म्हणून ग्रुपवर लिहायचं ठरवलं. ती तिथे ॲडमिन, म्हणजे वाचणारच. रविवारी संध्याकाळी चहा घेऊन बसले आणि लिहिलं. मला हा अल्बम कसा मुरला. पहिल्या दिवशी मी कच्चं मत दिलं, तेही जिच्यामुळे मी या ग्रुपवर आहे तिच्या तोंडावर, आणि ते चुकलंच. मग सगळ्या गाण्यांविषयी थोडं थोडं लिहिलं. आणि मग मूळ मुद्द्यावर आले. "या अल्बमचा आत्मा चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये आहे. 'उद्या पाणी येणार नाही' हे ऐकताना ज्याचं काळीज हललं नाही, त्याने पुन्हा ऐकावं. माणसं येणं बंद होतं तेव्हा अशी सूचनाही मिळत नाही. त्या अनामिक गायकाच्या आवाजात जे दुःख आहे, ते मी आजवर कुठे ऐकलं नाही." आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटं गेली. मग मिसळवाल्याने विचारलं, "कुठलं पाणी?" इचलकरंजीच्या एकीने विचारलं, "वेगळी आवृत्ती आहे काय ही?" एकाने तातडीने सगळा अल्बम पुन्हा ऐकला आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये दोन सेकंद शांतता आहे, असं कळवलं. शिक्षकांनी मात्र लिहिलं, "होय, पाण्याची ती जागा मलाही पहिल्यापासूनच फार भिडली आहे."

आणि मग महिन्याभरानंतर माझ्या मैत्रिणीचा मला पहिला शब्द आला. सगळ्यांच्या देखत.

"अक्का, ते आपले मामा हायत."

मामा सुट्टीच्या दिवशी त्याच व्हॅनवर भोंगा बांधून गावात ग्रामपंचायतीच्या सूचना फिरवतात, हे मला काय ठाऊक! पाइपलाइन फुटली की दरवेळी ओरडायला नको म्हणून त्यांनी मोबाईलच्या दुकानात सूचना रेकॉर्ड करून घेतली होती. दुकानदाराने हौसेने आवाज घुमवला आणि मागे बासरी घातली. ते रेकॉर्डिंग मामांच्या त्याच पेनड्राइव्हवर होतं आणि गाणी भरल्यावर नेमकं चौथ्या-पाचव्याच्या मध्ये येऊन बसलं. मैत्रिणीने गाणी भरताना ते बघितलं होतं. पण पहिल्या दिवशी तिसऱ्या गाण्यालाच आमचं भांडण झालं, त्यामुळे सांगायचं राहून गेलं. आणि रोज गाडीत "सरका की जरा" म्हणणारा आवाज भोंग्यात शिरून असा भरदार होईल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ती थांबेना. मी फोन तांदळाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी पुलाजवळ गेले तर ती उभी होती. स्कूटर नाही, हेल्मेट नाही. माझ्याकडे बघून तिने ओठ दाबून धरले होते. व्हॅन आली. मामांनी दार उघडलं आणि तिथे तिचा संयम सुटला. ती रस्त्यावरच खाली बसून हसली. मामांना तिने सगळं सांगितलं. मामा लाजले आणि त्यांनी आरशात बघून मिशीवरून हात फिरवला.

"आवडलं व्हय तुम्हास्नी?" मला म्हणाले. "मग पोलिओ डोसचं बी हाय. त्याला तबला हाय मागं."

काकांना उठवून ती माझ्या शेजारी बसली. मामांनी अल्बम लावला. चार शिट्ट्या झाल्या, वारा सुटला. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "चुकलं माझं त्या दिवशी. अल्बम चांगला हाय."

तिचं हसू गेलं होतं. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा हळूच म्हणाली, "अक्का, मला आवडलेला न्हाई."

"काय?"

"एकबी गाणं न्हाई. महिना झाला, स्कूटरवर कानात घालून रोज ऐकतोय. न्हाईच मुरत." तिचे डोळे भरले होते. "गडहिंग्लजवरनं आलतो तवा इथं कोण बी नव्हतं माझं. पहिल्या अल्बमवर दिवस काढले. सहा वर्षं थांबलो, पेढे वाटले, आणि तू म्हटलीस आत पोकळ हाय. मला बी तेच वाटत होतं की. म्हणून तर एवढा राग आला."

मी तिचा हात धरला. माझं तोंड पहिल्यांदाच लवकर उघडलं नाही. मग तिला सांगायला लागले, हे दार ऐक, ही ओळ ऐक, घरात कुणी झोपलं असताना गातेय बघ. एका महिन्यापूर्वी लाल पट्टा मारायला निघालेली मी, आता एकेका पुटपुटण्याचं कौतुक करत होते, आणि ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती. मामांची सूचना आली तेव्हा सगळ्या व्हॅनने ती तालात म्हटली. सांगली फाट्यावर पाचवं गाणं संपलं.

"मुरलं काय?" मी विचारलं.

तिने डोळे उघडून मान हलवली. "न्हाई, अक्का. उद्या परत ऐकायला पायजे."

"ऐकू की," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, बाई, तुला हा अल्बम कधीच न आवडो.