फोटोची मागची बाजू

लॅमिनेशनचं मशीन घेतलं त्या वर्षी मी घरातला एकही कागद उघडा ठेवला नाही. वसमतला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, आणि त्या ओळीत असलं मशीन पहिल्यांदा माझ्याकडं आलेलं. माझी मार्कलिस्ट झाली, बाबांचा सातबारा झाला, लग्नपत्रिका झाली. रेशन कार्डही केलं. रेशनवाल्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि आता नोंद कुठं करू, तुझ्या कपाळावर का, असं विचारलं. बायको म्हणाली, ह्यांचं चाललं असतं तर मलाही आत घालून काढलं असतं, म्हणजे बोलणं बंद.

फोटो तर सुटणारच नव्हते. आमच्या घरात सगळे मिळून पंधरा-सोळा. आमची शेरडंमेंढरं राखणारी माणसं. फोटो काढायचा म्हणजे जत्रेत पडद्यासमोर उभं राहायचं, नाहीतर कुणाच्या लग्नात फोटोवाल्याच्या मधीमधी करायचं. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावातून मी ते दुकानात आणले आणि एका पाऊचात दोन-दोन घातले, पाठीला पाठ लावून. पाऊच वाचतं, जागा वाचते, दोन्हीकडून बघता येतं. हा शोध माझा स्वतःचा. गिऱ्हाइकांनाही मी तो आवर्जून सांगायचो. फोटोच्या मागं काही लिहिलेलं असतं हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आता म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. मला ठाऊक होतं. तिथं माझ्या बहिणीचं अक्षर होतं.

ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सातवीपर्यंत शिकली आणि शेरडांमागं गेली. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे असं गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, म्हणून मी ते कधीच कबूल केलं नाही. लग्नाआधी तिनं घरातल्या एकेका फोटोमागं बॉलपेननं लिहून ठेवलं होतं, कोण, कुठं, कशाला. मायला वाचता येत नव्हतं. ती फोटो हातात घेऊन तोंडं बघायची; मागच्या ओळी तिच्या लेखी मुंग्या.

आता माय माझ्याकडं वसमतला असते. काचबिंदूनं तिची नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. दुकानातली गर्दी मोबाइलनं नेली, त्यामुळं मलाही वेळच वेळ. म्हणून यंदा आषाढात मी घरचे फोटो नीट लावायचं मनावर घेतलं. प्लास्टिक पिवळं पडलेलं, कडेनं हवा शिरून पांढरे ढग आलेले. सगळे सोडवायचे, मोबाइलवर काढून घ्यायचे, डाग घालवायचे, अल्बम करायचा. घरातल्या पोरांच्या ग्रुपवर मी ‘आपला वारसा’ असं टाकलंही. सतरा जणांपैकी एकानं अंगठा दाखवला.

पलंगावर फोटो पसरले. माय शेजारी येऊन बसली. मी एकेक उचलून तिला सांगायला लागलो, ह्यात बाबा हायेत, फेटा बांधलाय, ह्यात मावशी हाय. थोडा वेळ ऐकून माय म्हणाली, “त्ये मला ठावं हाय. म्या पायलेलं हाय समदं. मागं काय लिवलंय त्ये वाच.”

मी सांगितलं, मागं दुसरा फोटो आहे.

“काहून?”

मायला तोंडं दिसत होती तेव्हा अक्षर कळत नव्हतं, आणि आता तोंडं गेली तेव्हा ऐकण्यासारखं फक्त अक्षर उरलं होतं. ते मी कोंडून ठेवलं होतं.

पण मशीनवर इतकी वर्षं काढल्यामुळं एक गोष्ट मला माहीत होती. प्लास्टिकला चिकटते ती फोटोची पुढची बाजू. पाठी आत नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतात. कडेची पट्टी ब्लेडनं कापली की दोन्ही सुटणार. कापली. सुटल्या. निळं अक्षर कालच लिहिल्यासारखं बाहेर आलं.

बाबांच्या मागं होतं, ‘बाबा. सदरा मामाचा आहे, परत द्यायचा आहे.’ मावशीच्या मागं, ‘मावशी. हसू नको म्हटल्यावर हसली.’ माझ्या मागं, ‘दादा, वय अकरा. शेळीला भिऊन रडला. शेळी फोटोत आली नाही.’ माय पदर तोंडाला लावून इतकी हसली की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. नजर गेल्यापासून माय अशी हसली नव्हती. दोन दिवस हाच कार्यक्रम. मी कापायचो, वाचायचो, ती म्हणायची, अजून एक. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, जणू कोंडणारा कुणी दुसराच होता.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आता तिचा वाच. सासरहून धाडला व्हता त्यो.”

तो मी शेवटी ठेवला होता, मुद्दाम.

बहिणीला सेनगावच्या पलीकडं दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आषाढात तिचा फोटो आला, एकटीचा, लहानसा. तिकडून येणाऱ्या एका जीपवाल्यानं तो दुकानात आणून दिला. शाळेच्या दाखल्यांचे दिवस, काउंटरवर पोरांची झुंबड. मी तोंड बघितलं, बरी दिसतीय म्हणालो, उलटून बघितलं तर मागं बारीक अक्षरात गच्च लिहिलेलं. नंतर वाचू म्हणून खिशात घातला. रविवारी गावाकडं गेलो तेव्हा मायनं विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, खुशाल हाय म्हणून लिवलंय. तिनं विचारलं, पंचमीचं काही? मी म्हणालो, काही न्हाई.

नागपंचमीला सासुरवाशिणीला आणायला माहेरहून मुराळी जातो, भाऊ किंवा भावासारखा कुणी. आदल्या वर्षी दुकान सोडवेना म्हणून मी चुलतभावाला धाडलं होतं. खुरपणी चालू आहे असं सांगून, चहा पाजून तिकडच्यांनी त्याला मोकळ्या हातानं परत लावलं. मायला ते लागलं. पोरीनंच हट्ट केला नाही, तिलाच यायचं नसंल, असं तिनं मनात धरलं. या खेपेला पोरीचं बोलावणं आलं तरच मुराळी जाईल, असं ठरलं. बोलावणं आलं नाही. कुणी गेलं नाही. दसऱ्याच्या आधी तिला कावीळ झाली आणि सेनगावला नेईपर्यंत ती राहिली नाही. लेकरूबाळ नव्हतं.

माय रडली, पुष्कळ रडली. पण दुसऱ्या कुणाची लेक माहेरी आलेली दिसली की ती हमखास एक वाक्य बोलायची, आणि बावीस वर्षं बोलत आली. माझ्या लेकीला शेवटी शेवटी माझी आठवन न्हवती.

मशीन त्याच दिवाळीत आलं. तिचा फोटो लहान, म्हणून त्याच्या पाठीला मी माझाच एक मोठा फोटो लावला, नव्या मशीनवर हात ठेवून काढलेला. लहान फोटो आत घसरू नये म्हणून मधोमध डिंकाचं बोट ओढलं. ते ओढताना तरी मी वाचलं का? नाही. वाचवत नाही, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

आता कड कापली. दोन्ही फोटो हळूहळू ओढले तर मधला कागदच फाटून माझ्या फोटोला चिकटून आला. चार-पाच ओळी गेल्या. वरच्या राहिल्या, खालच्या राहिल्या. खालच्या मी आधी वाचल्या, मनात. मग तसाच बसलो.

“वाचून राहिला का झोपला?” माय म्हणाली.

मी वरून सुरुवात केली. ‘माय, नमस्कार. फोटो कसा आलाय ते कळव. साडी जाऊबाईची आहे, माझी नाही.’ माय म्हणाली, व्हय, तिला सांगितल्याबिगर राहवायचं न्हाई. तिथून पुढं फाटलेलं होतं, आणि तिथून पुढं मी सुरू झालो. इकडं पाऊस चांगला आहे. शेळी व्याली, दोन पिलं झाली. सासूबाई जीव लावतात. माझी काळजी करू नको. बोलताबोलता मला स्वतःलाच बरं वाटायला लागलं. आमच्या घरात गोष्ट सांगावी तर मीच, असं सगळे म्हणतात. माय हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, तिचा पुन्ना वाच.

मी वाचला. म्हैस व्याली, रेडकू झालं, दूध भरपूर आहे.

“काल शेळी व्याली व्हती,” माय म्हणाली.

मी फोटो डोळ्यांजवळ धरला.

“तू तुझं वाचू नगंस. तिचं हाय तेवढंच वाच.”

मग मी तिला डिंकाचं सांगितलं. मधलं गेलं, कायमचं गेलं, हे सांगितलं. आणि खालचं वाचलं, जसं होतं तसं. ‘पंचमीला दादालाच धाडा. दुसऱ्या कुणाला नको. दादा आला तर हे लोक सोडतील. मी तयार राहते.’

मायनं ते तीनदा वाचायला लावलं. मग फोटो मागितला. मी तो तिच्या हातात दिला, अक्षर वर करून, आणि तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

“बोलावलं व्हतं तिनं,” ती म्हणाली. मला नाही, समोर बघून.

मग ओळीवरचं बोट न हलवता म्हणाली, “तू मला काही न्हाई म्हनलास.”

“व्हय.”

“म्या तिला काय काय बोलले रं. मेलेल्या लेकराला.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिच्याकडं शिव्यांचा साठा चांगला आहे, शेरडामागं आयुष्य गेलेलं. पण त्या दिवशी तिनं एकही काढली नाही. जेवली नाही. बायकोनं बळंच दूध पाजलं. फोटो हातातून सोडला नाही, आणि उताणाही केला नाही.

चार दिवसांनी तिनं विचारलं, पंचमी कधी हाय. मी सांगितलं, आठ दिवसांवर.

“जाय मंग.”

“कुठं?”

“मुराळी जाय.”

मला वाटलं तिचं चित्त हललं. मी हळू आवाजात समजावायला लागलो तर तिनं मधेच तोडलं. “म्या आंधळी झाले, येडी न्हाई झाले. ती न्हाई मला ठावं हाय. तुला धाडायचं राहिलं व्हतं.”

पंचमीच्या आदल्या दिवशी मी निघालो. पिशवीत मायनं बायकोकडून आणवलेली साडी आणि लाह्या. वयानं पन्नाशी गाठलेला, पोट सुटलेला, गुडघा धरलेला मुराळी. हिंगोलीला गाडी बदलली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं निघाले पाव्हणं. तोंडातून सहज निघून गेलं, बहिणीकडं, पंचमीला न्यायला. तो म्हणाला, चांगलं हाय, आजकाल कोन जातंय. सेनगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दाजींनी मला लगेच ओळखलं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलेलं, पोरं मोठी झालेली. मी कशाला आलो ते मला नीट सांगता येईना. मायनं धाडलं, एवढं म्हणालो. चहा झाला. फोटोमागचं लिहिलेलं मी सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले, “बसली व्हती त्या दिवशी. पिशवी भरून, वट्यावर. शेवटची जीप गेल्यावर उठली. म्या म्हनलो, येतेल उद्या. दुसऱ्या दिशी बी बसली.” मग म्हणाले, “म्या सोडून यायला पायजे व्हतं. न्हाई आलो.”

साडी त्यांच्या बायकोनं घेतली नाही. तिच्या नावानं आणलेली मी कशी नेसू, म्हणाली. लाह्या तेवढ्या ठेवून घेतल्या.

परतीच्या गाडीत मी मायला काय सांगायचं ते जुळवत होतो. त्या दिवशी ती गावातल्या पोरींबरोबर झोक्यावर गेली होती, हसतखेळत होती, असं काहीतरी. वसमत येईपर्यंत गोष्ट चांगली जमली होती. कुठं थांबायचं तेही ठरलं होतं.

माय पलंगावर बसून होती. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज ऐकून म्हणाली, “काय म्हनले?”

मी सांगितलं. वटा सांगितला, शेवटची जीप सांगितली, भरलेली पिशवी सांगितली, दुसरा दिवसही सांगितला. माझ्या पदरचं काही घातलं नाही.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पिशवीत काय काय भरलं व्हतं?”

“त्ये मी विचारलं न्हाई.”

“इचारायचं व्हतं,” माय म्हणाली.