तगडा चुंबक आणि तात्यांचा वरचा सूर

मोहोपाड्याच्या येसाजीला चुंबकाचं भारी वेड. रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं देखभाल खात्यात काढलेली. खाली पडलेला प्रत्येक नटबोल्ट तो वाकून नव्हे, चुंबकानं उचलायचा. निवृत्तीनंतर कळंबकडच्या बंगलेवाल्यांचे रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करू लागला, तेव्हाही मंत्र तोच, चुंबक तगडा तर आवाज तगडा. घरात त्याच्या बायकोचा, चंद्राबाईचा, चिमटा रोज नव्या ठिकाणी चिकटलेला सापडायचा.

कर्जतच्या तात्यांनी तरुणपणी दोन अभंग गायले होते. त्याची एकच तबकडी उरलेली. वरच्या सुराला तुम्ही घसरता, असं त्यांची बायको प्रमोदिनी म्हणायची. मी नाही, मशीन घसरतं, असं तात्या. हा वाद चाळीस वर्षं चालला. प्रमोदिनीबाई गेल्या, वाद मात्र तात्यांच्या मनात राहिलाच. नव्वदाव्या वाढदिवसाला नात तनयासमोर आपला सूर शाबीत करून दे, असं त्यांनी येसाजीला बजावलं.

तात्यांच्या मशीनमधलं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, मेलेलं होतं. त्यात सुईमागे केसासारख्या तारेचं वेटोळं आणि शेजारी चुंबक. वेटोळं हललं की वीज, विजेचा पुढे आवाज. जुन्यातला चुंबक पोक्त, मवाळ. येसाजीनं निओडिमियमचा पहिलवान बसवलेलं कार्ट्रिज आणलं. घरी चाचणी चालू असताना चंद्राबाई पिठाच्या हातानं उभी राहून बघत होती.

"अवो, खालचं फिरतं ताट लोखंडाचं हाय. सुई शेवटी झपकन उतरते बघा. तुमचा चुंबक त्याला धरतोय."

"तू भाकरी बघ," येसाजी म्हणाला.

वाढदिवसाला अभंग लागला तो गोधडीतून गायल्यासारखा. तात्या खूश झाले. पाहिलंत, मशीनच, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. येसाजीचे कान तापले, कारण एवढी दाबलेली सुई एकुलत्या तबकडीला खरवडून काढणार होती. त्यानं सुई उचलून पुन्हा हळूच सोडली. शेवटच्या बोटभर अंतरात ती झपकन उतरली.

त्यानं तनयाची योगाची चटई मागितली, ताटाच्या मापानं गोल कापली, तबकडीखाली घातली आणि सुईचा दांडाही तेवढाच वर उचलला. चुंबक लोखंडापासून लांब गेला आणि तात्यांचा आवाज निवळला. श्वास ऐकू आला, झांजेची किणकिण ऐकू आली. मग वरचा सूर आला आणि तात्या स्वच्छ, सुस्पष्ट घसरले. घरातली मंडळी छताकडे बघू लागली.

"परत लाव," तात्या म्हणाले. तीनदा ऐकलं. मग हसले, आणि हसताहसता डोळे पुसले.

"ती बरोबर होती गं, तनया. हे तिला सांगायचं राहून गेलं."

येसाजीला तिथं बसवेना. केक न खाता त्यानं स्कूटर काढली, चौकात चहालाही थांबला नाही. चंद्राबाई चुलीपुढे होती.

"तू बोलली ते खरं व्हतं," तो दारातूनच म्हणाला. "ताटच वढत व्हतं. माजं चुकलं."

चंद्राबाई त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. तिच्या तव्यावरची भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा करपली.