साडूभाऊ आणि सोनेरी नाव

मी फडकं एकदाच फिरवलं, आणि इंग्लंडमधल्या एका नामांकित सायकल-कारागिराचं सोनेरी नाव फ्रेमवरून निघून फडक्यावर आलं. निम्मं नाव. उरलेलं निम्मं माझ्या अंगठ्याला चिकटलं होतं. हेतू शुद्ध होता. जुन्या सायकलींच्या मंडळाच्या खोलीत प्रदर्शनाची तयारी चालू होती, अध्यक्ष आपली लाडकी फ्रेम टेबलावर ठेवून पाट्या रंगवणाऱ्याकडे गेले होते आणि तपासणीला साडूभाऊ यायचे होते. त्यांना धूळ खपत नाही, म्हणून मी साखळ्या धुवायच्या डब्यात फडकं बुडवलं. डब्यात रॉकेल होतं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. पेशाने कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवतात, हे दात बसवून परत पाठवतात. उरलेला सगळा जीव जुन्या ब्रिटिश हलक्या सायकलींच्या फ्रेममध्ये. फ्रेम कोणाच्या हातची, कोणत्या सालची, हे ते दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा नळ्यांच्या आत घालून सांगतात. चाकं, सीट, ब्रेक यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कोणी म्हणालं, "अहो पण ब्रेक किती जुने आहेत," की ठरलेलं उत्तर, "तुम्ही कवळी बघून माणसाचं वय सांगता का?" चुकत नाहीत असं नाही. एकदा सासऱ्यांच्या अंगणात उभी असलेली एक सायकल त्यांनी अतिशय दुर्मिळ ठरवली आणि तासभर तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरले. ती दूधवाल्याची होती. दूधवाला बिचारा शेजारी उभा राहून विचारत होता, "साहेब, मी जाऊ का आता?"

घरात मात्र या सापळ्यांना बंदी आहे. पलंगाखालच्या, कपाटावरच्या फ्रेम मेव्हणीने मुकाट्याने सहन केल्या, पण एक फ्रेम न्हाणीघरात रंग वाळवत लटकलेली सापडली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता हिलाच हाक मारा चहाला." तेव्हापासून साडूभाऊंच्या साऱ्या फ्रेम मंडळाच्या खोलीतल्या भिंतीवर, अध्यक्षांच्या मेहेरबानीने. त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेला हा माणूस जगात दुसरीकडे कुठे इतका शांत बसलेला मी पाहिलेला नाही.

ते आले. माझा सोनेरी अंगठा पाहिला.

"हे काय केलंत, विद्वान?"

"धूळ पुसत होतो."

"मग धूळ कुठाय? नाव गेलं, धूळ तशीच आहे. एवढं कौशल्य आणलंत कुठून?" ते असे बराच वेळ बोलले. त्यात माझं शिक्षण आलं, माझे हात आले, आणि माझ्या बायकोने मला पसंत करताना नेमकं काय पाहिलं असेल हा प्रश्नही आला. मग अचानक थांबले. फडक्याचा वास घेतला. फ्रेमवर नखाने खरवडलं.

"नुसत्या रॉकेलने निघालं?"

"एका फटक्यात."

"जुनी अक्षरं वॉर्निशच्या खाली असतात. ही वर बसवलेली होती. आणि तीही नवी."

आरसा बाहेर आला. मागच्या चाकाचा आस जिथे अडकतो, त्या पट्टीपाशी ते बराच वेळ वाकून राहिले. पट्टीला खाली गिअर अडकवायचा एक कान होता. त्यांनी माझी मान धरून मला आरशात दाखवलं. कान मागाहून जोडलेला नव्हता. पट्टी आणि कान एकाच तुकड्याचे होते. "अध्यक्ष पाटीवर घालणार सदतीस साल," ते म्हणाले. "हा असला कान त्यानंतर निदान बारा-पंधरा वर्षांनी आला. आजोबांच्या फोटोत नातू बसलाय."

इथवर ते नुसते चिडले होते. खरा संताप पुढे आला. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या सांध्यांवर त्यांनी बोट फिरवलं. कोणीतरी कानशीने घासून घासून त्या सांध्यांच्या कडा कागदासारख्या पातळ केल्या होत्या, टोकं पानासारखी निमुळती, कुठेही ओरखडा नाही.

"बघा, किती घासलंय. कुठल्यातरी लहानशा कारखान्यात कोणीतरी उभं राहून हे केलंय. त्याला काही नाव असेल की नाही? आणि हे त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवतात. चांगलं काम सापडलं की ते मोठ्याचंच असायला पाहिजे, असा काही कायदा आहे का?" मी म्हणालो, नाही. "मग गप्प का बसलाय?" म्हणजे माझ्यावर पुन्हा चिडले.

तेवढ्यात अध्यक्ष आले. फरश्यांच्या दुकानाचे मालक. आवाज गोड, हातात नवी कोरी पाटी. तिच्यावर ते सोनेरी नाव, सदतीस साल, आणि खाली साडूभाऊंच्या सहीची मोकळी जागा. प्रत्येक पाटीवर त्यांची सही असते. लोक तीच वाचतात.

उघड्या फ्रेमकडे पाहून अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "असू दे," ते म्हणाले, "नाव पुन्हा बसवून घेऊ. तुम्ही फक्त सही करा."

"पुन्हा म्हणजे? पहिल्यांदा कोणी बसवलं होतं?"

"अहो, ज्याच्याकडून घेतली त्याने. मला काय माहीत? पण शोभत होतं की नाही?"

"तुम्हालाही पोलिसाचा गणवेश शोभेल. म्हणून काय चौकात उभे राहाल?"

"गिअरचा कान नंतर जोडला असेल."

"या, आरशात बघा."

अध्यक्षांनी आरशात पाहिलं नाही. मला इथे त्यांचा फार राग आला. एवढासा आरसा, पुढ्यात धरलेला, वाकायचंसुद्धा नाही. पण माणूस बघत नाही. "माझं एवढंच म्हणणं आहे," ते भिंतीकडे पाहत गोड आवाजात म्हणाले, "मंडळ म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणं. मीही सांभाळतोच आहे ना, या इतक्या फ्रेम?"

साडूभाऊंनी पाटी घेतली, पेन काढलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी सदतीसवर काट मारली, नावावर काट मारली, खाली लिहिलं, 'कारागीर माहीत नाही, काम उत्तम, साल पन्नासनंतर,' आणि त्याखाली झोकात सही केली. मग खुर्चीवर चढून भिंतीवरची पहिली फ्रेम काढायला लागले.

रिक्षाचे तीन फेरे झाले. शेवटच्या खेपेला जिन्यात आम्ही दोघे, खांद्यावर दोन-दोन फ्रेम, आणि वर दारात मेव्हणी कमरेवर हात ठेवून. ती फ्रेम मोजत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, आणि ते जास्त भयंकर होतं. तिने एकच विचारलं, "किती दिवस?"

"मंडळाला अक्कल येईपर्यंत," साडूभाऊ म्हणाले.

"म्हणजे पलंग विकायचा का?"

ती आत गेली. आतून भांड्यांचा जो आवाज आला त्यात बरंच काही होतं. मी एका पायरीवर टेकलो. दम लागला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही चीड आली होती. अध्यक्षांची, त्या गोड आवाजाची, आणि थोडी साडूभाऊंचीसुद्धा. ती भिंत, ती खुर्ची, ते शांत बसणं, सगळं एका पाटीपायी गेलं होतं.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "केली असतीत सही तर काय बिघडलं असतं? ज्याने ती फ्रेम घासली, तो केव्हाच मेला असेल."

त्यांनी खांद्यावरची फ्रेम सारखी केली.

"तो मेलाय, मी नाही."