भिंतीची पाठ

मंगळवारी सकाळी डोंगरावरून धोंडा सुटला आणि भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या भिंतीला लागला. भिंत उभी राहिली. तिच्या रस्त्याकडच्या बाजूला आमचे मिस्त्री होते. ते गेले.

अशी भिंत तुम्हीही पाहिली असेल. डोंगर आणि रस्ता यांच्यामध्ये, काँक्रीटची, सुटलेले दगड अडवायला. मी त्या रस्त्यावरचा इंजिनिअर. पाहणीला गेलो की मी डोंगराकडच्या तोंडाशी जाई आणि मिस्त्री छोटी हातोडी घेऊन रस्त्याकडच्या पाठीशी. आधी तळहाताने धूळ पुसायची, मग टक टक करत कान लावायचा.

"मिस्त्री, भिंत हाय का बायको? किती पाठ चोळता राव!" टपरीवाला चिडवायचा.

"बायकोची पाठ दुखली तर ती सांगती तरी," मिस्त्री म्हणत. "ही बया बोलत न्हाई."

एकदा टपरीच्या टेबलावर त्यांनी पाच नाणी एकमेकांना चिकटवून रांगेत मांडली आणि सहावं नाणं बोटाने जोरात मारलं. रांग जागची हलली नाही. पलीकडचं शेवटचं नाणं तेवढं सुटून माझ्या मांडीवर आलं.

"मार कुणी खाल्ला आन गेला कोण, बगा सायेब."

मी हे पुस्तकात वाचलं होतं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. हळू रेटलं तर तडे देऊन आधी सांगतं. धोंडा वेगात आदळला की दाबाची लाट आरपार जाते, मागच्या बाजूला पोचली की ताण होऊन उलटी फिरते, आणि तिथे काँक्रीट आतून सुटतं. तोंडावर तळहाताएवढा खड्डा, पाठीवर सुटलेली मणभर वजनाची खपली. परीक्षेत मला त्याचे गुणही मिळाले होते.

त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी एक धोंडा लागून गेला होता. मी तोंड पाहिलं, फोटो काढला, वहीत लिहिलं : किरकोळ खड्डा, भिंत सुस्थितीत.

मिस्त्रींनी मागून हातोडी मारली. टक, टक, आणि एका जागी बद्द, पोकळ आवाज. नेमका त्या जागेखाली, एसटीची वाट पाहणाऱ्यांसाठी, लोखंडी बाक पक्का बसवलेला होता.

"सायेब, बाक आजच उपटू."

"वरून मंजुरी येऊ द्या, मिस्त्री. दिसायला तर काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून एसटीच्या वेळेला मिस्त्री तिथे उभे राहू लागले आणि बसलेल्यांना उठवू लागले. लोक वैतागत.

मंगळवारी बाकावर एक म्हातारी धनगरीण बसली होती.

"उन्हात उभी करतोस व्हय रं मला? सावली काय तुझ्या बापाची?"

"व्हय, बापाचीच. ऊठ आजी, लई बोलू नको."

ती पुटपुटत रस्ता ओलांडून गेली. गाठोडं बाकावरच राहिलं. मिस्त्री ते घ्यायला वाकले, तेव्हा वर गडगडलं.

मी टपरीवरून धावलो तो सवयीने डोंगराकडच्या बाजूला. जुन्या खड्ड्याशेजारी तेवढाच दुसरा खड्डा होता. "भिंत टिकली!" मी ओरडलो. मग भिंतीच्या पाठीकडून आजीचा आवाज आला.

भिंत अजून उभी आहे. बाक काढला, त्याच्या पायांची चार भोकं आहेत. वहीत माझी ओळ तशीच आहे. हातोडी माझ्याकडे आहे.