गाडीतून उतरायचं नाही

आमच्या घरात पिस्तूल येणार की नाही, या एका प्रश्नावर त्या वर्षी आम्ही नवरा-बायको अख्खा उन्हाळा भांडलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूर सोडून अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. नवरा एका कंपनीत इंजिनियर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी आठ वर्षांची लेक. घर स्वतःचं होतं, अंगणात टोमॅटो येत होते, आणि मला वाटत होतं की आता आपलं बस्तान बसलं.

तेवढ्यात जवळच्या एका शहरात आपल्या लोकांना रस्त्यात गाठून मारायला सुरुवात झाली. कुणाची साडी बघून, कुणाच्या कपाळावरची टिकली बघून शिव्या, कुणाच्या दुकानाची काच फोडलेली. शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की हाच विषय. बायका भांडी घासायच्या आणि पुरुष हॉलमध्ये बसून सगळ्यांचं रक्षण करायचे. निम्मे म्हणायचे, बंदूक घ्या, इथे तो आपला राइट आहे. निम्मे म्हणायचे, अशाच राइटनं या देशाचं वाटोळं झालंय. माझा नवरा आधी दुसऱ्या बाजूला होता. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राचं डोकं फोडलं तेव्हा तो पहिल्या बाजूला गेला. पोलीस स्टेशनातून रीतसर परमिटही घेऊन आला. आता फक्त दुकानात जाऊन पसंत करायचं बाकी होतं.

"दर रविवारी बुद्धवंदनेत पहिलं शील कोणतं म्हणतोस रे? जीवहत्या करणार नाही, हेच ना?" मी विचारलं.

"शील म्हणत म्हणत मार खायचा काय? आणि तू काहून एवढी घाबरते? लॉक करून ठेवीन ना यार."

"बिस्किटांचा डबा मी फ्रिजवर ठेवते. पोरगी तिथूनही काढते."

पण एवढ्यावरून हट्ट सोडेल तर तो नागपूरचा कसला! शनिवारी दुकानात जायचं त्यानं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी चिरत होते. आमची गाडी गल्लीत वळली आणि तिच्यामागे पोलिसांची गाडी, वरचे दिवे फिरत. आमच्या दारासमोरच नवऱ्याला थांबवलं. मागचा एक दिवा बंद होता, एवढाच त्याचा गुन्हा. पण पुढे जे झालं ते दिव्यामुळे नाही झालं. नवरा दार उघडून खाली उतरला. कोटाचं बटण लावलं, तोंडभर हसला, आणि लायसन्ससाठी मागच्या खिशात हात घालत थेट पोलिसाकडे चालायला लागला.

पोलीस ओरडला. त्याच्या हातात पिस्तूल आलेलं मला दिसलं. नवऱ्याला काहीच कळलं नाही, तो हसतच राहिला. हातातली सुरी तशीच धरून मी उभी.

ओरडली ती आमची शेजारीण. पन्नाशीची कृष्णवर्णीय बाई, हायस्कुलात इतिहास शिकवायची. तोवर आमचं तिच्याशी नातं 'हॅलो' आणि अंगणातली पानं यापलीकडे गेलं नव्हतं. आपल्या पायरीवरून ती कडाडली, "हात! हात दाखव त्याला! हलू नकोस!" शिक्षिकेचाच आवाज तो. नवऱ्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. मग तोच आवाज एकदम मऊ करून ती पोलिसाला म्हणाली, "ऑफिसर, तो माझा शेजारी आहे. खिशात पाकीट आहे. लायसन्स काढतोय."

पोलीस पोरगेलासा होता, तोंड लालबुंद झालेलं. त्यानं पिस्तूल खाली केलं, लायसन्स बघितलं, दिवा दुरुस्त करून घ्या म्हणाला आणि गेला. नवरा पायरीवर बसला. मी आधी रडले आणि मग त्याला मनसोक्त बोलले. जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते.

शेजारीण आमच्याबरोबर आत आली. चहा नको म्हणाली. "तू गाडीतून का उतरलास?" तिनं विचारलं.

"साहेब उभा असताना आपण बसून कसं राहायचं?" नवरा म्हणाला. आणि मग जे त्यानं मलाही कधी सलग सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. नागपूरजवळच्या त्याच्या गावात वरच्या जातीचा माणूस रस्त्यानं निघाला की त्याच्या वडिलांना ओट्यावरून उठून उभं राहावं लागायचं. उठायला उशीर झाला म्हणून वडिलांनी एकदा मार खाल्ला होता. तेव्हापासून ते पोरांना सांगायचे, कुणी सांगायच्या आत उठा, म्हणजे अपमान तरी होत नाही. नवरा शिकला, विमानात बसला, इथं येऊन कुणाच्या बापाला न भिणारा झाला. पण खाकी किंवा निळा कपडा दिसला की त्याचं अंग आपणहून उठायचं.

तिनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा भाऊही उतरला होता. आमच्या वडिलांनीही शिकवलं होतं, मोठ्यांशी उभं राहून बोलावं. त्याच्या हातात पाकीट होतं."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

नवऱ्यानं तरीही विचारलंच. त्या माणसाची तीच खोड आहे. "त्याच्याकडे पिस्तूल असतं तर?"

मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण ती वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. "नुसतं पाकीट बघून पोलिसांनी गोळी घातली. पिस्तूल असतं तर घातली ते बरोबरच केलं असं सगळे म्हणाले असते. मग माझ्या आईला मोकळेपणानं रडताही आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी ती टॉर्च घेऊन आली. तिच्या मुलाला गाडी शिकवताना तिनं हे घोटून घेतलं होतं, आता आमची पाळी. ड्राइव्हवेत नवरा गाडीत, ती पोलीस. नियम सोपे होते. इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. विचारल्याशिवाय काही काढायचं नाही, काढायचं ते सांगून काढायचं. आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. नवऱ्यानं मान डोलावली. तिनं टॉर्च मारला. हा दार उघडून बाहेर!

पुन्हा केलं. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःला सीटबेल्टनं बांधून घेतलं, तर बेल्टसकट अर्धा उठला. मी हसून हसून बेजार. तो मात्र चिडला. "आमच्या बापाला कोणी बसू देत नव्हतं," तो मला मराठीत म्हणाला, "आणि इथे मला उठू देत नाहीत. माणसानं करायचं तरी काय?" मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "राग बरोबर आहे. तो घरी आणून काढायचा. त्यासाठी आधी घरी यावं लागतं."

पुन्हा टॉर्च, पुन्हा हा बाहेर. पायरीवर बसून बघणारी आमची लेक टाळ्या वाजवत ओरडली, "बाबा, यू आर डेड अगेन!"

तिच्या लेखी तो खेळ होता. नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग परत गाडीत जाऊन बसला आणि काच खाली केली. टॉर्चचा उजेड पडला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो बसून राहिला. शेजारणीनं सगळे प्रश्न विचारले, लायसन्स बघितल्याचं नाटक केलं आणि शेवटी म्हणाली, "ठीक आहे, सर. तुम्ही घरी जाऊ शकता." हे शेवटचं वाक्य ती प्रत्येक वेळी पूर्ण म्हणायची. आम्ही घरीच तर आहोत, असं लेक म्हणाली तरी म्हणायची.

शनिवार आला. नवरा मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेला आणि मागच्या दिव्याचा बल्ब घेऊन आला. मला गप्प बसणं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आम्ही दरवर्षी एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन करायचो. त्या वर्षी वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं, आणि खीर वाढण्याआधी नवरा उठून उभा राहिला. "मी पिस्तूल घेणार नाही," तो म्हणाला, आणि सगळी हकीकत सांगितली. एक डॉक्टरकाका लगेच म्हणाले, "भ्यालास तू." नवरा म्हणाला, "भ्यालोच. भ्यालेल्या माणसाच्या हातात पिस्तूल काय करतं ते बघून आलोय."

काकांना हे पटलं नाही, आणि त्यांचं पिस्तूल त्यांच्याकडे राहिलं. पण ड्राइव्हवेतला तो सराव सगळ्यांकडून करून घ्यायचं ठरलं तेव्हा खुर्च्या मांडायला सगळ्यात आधी तेच उठले. दोन खुर्च्या पुढे, दोन मागे, झाली गाडी. स्टिअरिंग म्हणून स्टीलची थाळी. शेजारणीला आम्ही बोलावलं होतं, आणि फक्त आम्हीच शिकायचं हे तिला मंजूर नसल्यामुळे तिनं पोलीस स्टेशनात खेटे घालून दोन पोलिसांनाही यायला लावलं होतं. त्यातला थोरला सारखा घड्याळाकडे बघत होता. धाकटा तोच, लालबुंद तोंडाचा. नवऱ्यानं वडिलांच्या उठण्याची गोष्ट पुन्हा सांगितली. धाकट्यानं ती मान खाली घालून ऐकली. "मला हे कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "हसत हसत माणूस अंगावर आला. माझा हात थरथरत होता." मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. अंगावर कोण येत होतं? पाच फूट चार इंचांचा माझा नवरा!

तरी तो आला होता, ऐकत होता. त्या दिवसांत तेवढंही पुष्कळ होतं.

एकेक जण खुर्चीत बसून थाळी धरत होता. काकवांनी धरली, विद्यार्थ्यांनी धरली. मावशी मंडळींना तर उतरायचं नाही हे सांगावंच लागलं नाही, एकदा बसल्या की त्या कुणासाठी उठत नाहीत. हसण्यानं हॉल भरून गेला. शेवटी कुणीतरी शेजारणीला म्हणालं, आता तुम्ही. ती आधी नाही म्हणाली. मग बसली. थाळीवर दोन्ही हात ठेवले. धाकटा पोलीस टॉर्च घेऊन वाकला, शिकवल्याप्रमाणे हळू बोलला, विचारायचं ते विचारलं, आणि म्हणाला, "ठीक आहे, मॅडम. तुम्ही घरी जाऊ शकता."

ती उठली नाही. थाळी धरून तशीच बसून राहिली. डोळे वाहत होते आणि ते पुसायला थाळीवरचे हात काही तिनं काढले नाहीत. त्या पोराला काय करावं कळेना.

माझा नवरा पुढे गेला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिची बोटं थाळीवरून एकेक करून सोडवली.

"चला ताई," तो मराठीतच म्हणाला, "घरी जाऊ."

ती उठली.